रामटेकेजी आणि हिरव्या ओळी

रामटेकेजींचा फोन आला की आमचे क्लायंट आधी घाम पुसायचे आणि मग फोन उचलायचे. बर्डीवर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. काम टॅक्सचं आणि हिशेबाचं. आतल्या केबिनमध्ये साहेब, म्हणजे सीए. बाहेर मी, रिटर्न भरणारी. आणि माझ्या उजव्या हाताला, कूलरच्या तोंडाशी, यशवंत रामटेके. दुकानदारांची बँक स्टेटमेंट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची आणि कुठला पैसा कुठल्या खात्यात घालायचा ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं बघा. पण माणसाच्या घरात काय शिजतंय ते शेजाऱ्याच्या आधी रामटेकेजींना कळायचं, आणि बहुतेक वेळा ते चांगलं नसायचं.

दिसायला काही भीतीदायक नव्हते हो. सडपातळ अंगाचे, कातरलेल्या पांढऱ्या मिशा, शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा! माझं तोंड मुळात फटकळ. मी म्हणायची, "रामटेकेजी, गळा तरी मोकळा करा. बघूनच मला गुदमरतं." तर म्हणायचे, "बटण उघडलं की माणूस सैल पडते, मॅडम. मग त्याची नजर बी सैल पडते." मी कूलरमध्ये पाणी घालायला सांगायची आणि आपल्या कामाला लागायची.

स्टेटमेंट इम्पोर्ट झालं की ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे, आणि तेही मोठ्याने. पंधराशे, पेट्रोल. बाराशे, किराणा. चारशे, याचा पत्ता नाही. दिवसभर माझ्या कानाशी ही कटकट. "वरूनच काहून नाही वाचत?" मी एकदा वैतागून विचारलं. "वरून वाचलं की आपल्याले जे पाहायचं असते तेच दिसते," ते म्हणाले. "खालून वाचा. मग जे आहे ते दिसते." आणि पुन्हा सुरू. सातशे, वीज बिल. दोन हजार, याचा पत्ता नाही.

पत्ता नसलेली प्रत्येक ओळ ते उचंत खात्यात ठेवायचे. ज्या पैशाचा धनी अजून सापडला नाही, त्याला तात्पुरतं बसवायची ही जागा. बाकीचे लोक तिथं वर्षभराचा कचरा साठवतात आणि मार्चअखेर कुठंतरी ढकलून मोकळे होतात. रामटेकेजींचं उचंत खातं महिन्याच्या महिन्याला रिकामं झालंच पाहिजे, आणि ते रिकामं करायचा त्यांच्याकडे एकच उपाय होता. फोन लावायचा. "जय भीम, रामटेके बोलतो. सतरा तारखेले तुमच्या खात्यात तीन हजार आले. कोणाचे?" समोरचा चाचरला की गप्प राहायचे. ती शांतता फार वाईट असायची. मोठमोठे व्यापारी त्या शांततेत नको ते बोलून गेलेले मी माझ्या कानांनी ऐकलेत.

एवढं विचारायची सवय कुठून लागली, असं मी कधी छेडलं की ते वडिलांची गोष्ट सांगायचे. दीक्षा घेतल्यावर वडील रात्रशाळेत जाऊन लिहाय-वाचायला शिकले, तेव्हा तिशी उलटली होती. पहिली सही केली ती मजुरीच्या पावतीवर, आणि करायच्या आधी पावती दोनदा वाचली. "मालक म्हणे, अबे वाचून काय राहिला? माझा बाप म्हणे, वाचाले शिकलो म्हणून वाचून राहिलो." हे सांगताना रामटेकेजी हसायचे. त्यांचं हसू वर्षातून चारदा दिसायचं, त्यातलं एक हे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. एकदा नियम बनवून ठेवला, की अमुक नावाचा पैसा अमुक खात्यात, की पुढच्या वेळी इम्पोर्ट करताना ती ओळ आपोआप जागेवर जाऊन बसते आणि हिरवी होते. ज्या ओळीला नियम नाही ती लाल. सगळेच जण असे नियम बनवतात, मीसुद्धा. दहा मिनिटांत आठशे ओळी हिरव्यागार. रामटेकेजींनी एकाही क्लायंटसाठी नियम बनवला नव्हता. त्यांच्या स्क्रीनवर सगळं लालच लाल. साहेब अधूनमधून चिडायचे, "रामटेके, जग कुठं गेलं!" ते शांतपणे म्हणायचे, "जाऊ द्या साहेब. हिरव्या ओळीले कोणी पुसत नाही."

बेसा भागात आमचे एक टाइल्सवाले क्लायंट होते. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये एका आठवड्यात तीनदा एकेक रुपया गेलेला. रामटेकेजींनी फोन लावला. टाइल्सवाले खो खो हसले. म्हणे, एका रुपयासाठी फोन करून राहिले तुम्ही, तुमचा कॉलचाच खर्च जास्ती. रामटेकेजी म्हणाले, "भाऊ, कोणीतरी तुमची कडी वाजवून पाहून राहिलं. आजच बँकेत जा." ते गेले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी हा धिप्पाड माणूस आमच्या ऑफिसात येऊन बाकावर मटकन बसला. खातं धुऊन नेलं होतं. आणि बोलला काय? "रामटेकेजी, तुमच्या जिभेलेच काहीतरी आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रामटेकेजींनी त्यांना पाणी दिलं आणि दोन तास शेजारी बसून त्यांची तक्रार लिहून दिली. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

दुसरे पारशिवनीचे, बी-बियाण्यांचं दुकान असलेले. त्यांच्या खात्यातून रोज दुपारी पाचशे, हजार, पुन्हा पाचशे असे जायचे, फोनवरच्या कुठल्याशा खेळाच्या नावाने. रामटेकेजींनी विचारलं, "दुपारी तुमचा फोन कोणाजवळ असते?" प्रश्न एवढाच. गृहस्थ भयंकर चिडले, माझ्या पोरावर संशय घेता म्हणून फाईल घेऊन गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वतःच परत आले. चार महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. मुलगा कॉलेजची फी त्या खेळात घालवून घरातून निघून गेला होता. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "विचारा, आता काय विचारायचं ते."

मी एकदा रामटेकेजींना सरळ म्हटलं, "तुम्ही काळजिभे आहात बाप्पा! तुम्ही बोललात की घडतं." ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मी काही सांगत नाही, मॅडम. मी फक्त विचारतो. ज्याले कोणी विचारत नाही, त्याचं जास्ती बिघडते." तेव्हा मला ते पटलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. बापाच्या अगदी उलट. शनिवारी मसाल्याची पाकिटं घेऊन यायची आणि जिन्यापासूनच तिचं हसू ऐकू यायचं. "बाबा, तुमच्या ऑफिसात श्वास घ्याले बी सही लागते काय?" म्हणायची, आणि कूलरसमोर उभी राहून ओढणी वाळवायची. बेसाला तिचा गृहउद्योग होता. मसाले, पापड, मूगवड्या. दुकान तिच्या नावावर, बँकेतलं करंट खातं तिच्या नावावर. चार बाया हाताखाली. नवरा निलेश मिहानमधल्या एका कंपनीच्या कँटीनवर सुपरवायझर होता. ते कंत्राट संपलं आणि मग तो घरूनच 'ऑनलाइनचं काहीतरी' करायला लागला. गोरागोमटा, बोलायला साखर. आला की रामटेकेजींच्या पाया पडायचा, मामाजी मामाजी करायचा. रामटेकेजी खुर्ची सोडून उभे राहायचे. साहेबांसाठीसुद्धा ते इतक्या लगबगीने उठत नसत.

लेकीचे हिशेब तेच लिहायचे, जेवणाच्या सुटीत. एका दुपारी डबा धुवून परत येताना माझी नजर त्यांच्या स्क्रीनवर गेली. सगळं हिरवंगार.

"अरे बापा!" मी ओरडलेच. "रामटेकेजी, तुमच्या स्क्रीनवर हिरव्या ओळी? आज सूर्य कुठून उगवला?"

ते चक्क लाजले. म्हणाले, "पोरीचं आहे. पाच हजाराच्या वर पैसे आले की ते जवाईबापूचे. अन् जवाईबापूच्या नावाने गेले की ते बी त्यांचेच. दोन नियम बनवून टाकले."

मी वाकून पाहिलं. मसाल्याचं गिऱ्हाईक दोनशे, तीनशे देतं. इथं मध्येच वीस हजार, चाळीस हजार, साठ हजार. सकाळी आलेले, संध्याकाळी निलेशच्या नावाने गेलेले. देणारी नावं दरवेळी निराळी, नागपुरातली वाटत नव्हती. प्रत्येक खेपेला थोडेसे मागे उरलेले.

"हे कशाचे हो एवढे?"

"मार्केटिंगचे आहेत म्हणाले ते. त्यांच्या खात्याले काहीतरी अडचण आहे, म्हणून इकडून."

"तुम्ही विचारलं नाही, कोणाचे म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भर ऑफिसात शिवी दिली. "जवाईले हिशेब विचारतात काय, मॅडम? पोरगी त्या घरात नांदून राहिली."

आणि मी गप्प बसले. आज स्वतःचाच राग येतो, पण गप्प बसले हे खरं. कारण मला ते कळलं. आमच्याही घरी जावई आला की वडील रेडिओचा आवाज कमी करायचे आणि त्याने काहीही सांगितलं तरी मान हलवायचे. जावई दुखावला तर त्याची किंमत मुलगी देते, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मी डबा पिशवीत घातला आणि माझ्या कामाला लागले. हे दीडेक वर्षापूर्वीचं.

यंदा एप्रिलमधल्या एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. रामटेकेजींचा फोन जुना, आवाज बाहेर ऐकू यायचा. "बाबा, पैसे निघून नाही राहिले. बँकवाले म्हणतात खातं बंद केलं. दुसऱ्या राज्यातून पोलिसांचं पत्र आलं म्हणे." रामटेकेजी म्हणाले, "जवाईबापू कुठे आहेत?" ती म्हणाली, "दोन दिवस झाले, फोन बंद आहे त्यांचा."

त्यांनी फोन ठेवला. सॉफ्टवेअर उघडलं. दोन्ही नियम काढून टाकले आणि दोन वर्षांचं स्टेटमेंट पुन्हा इम्पोर्ट केलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या ओळी लाल होऊन उतरल्या, पान भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं. ते खालून वर वाचायला लागले. मी वाट पाहत होते, आता आवाज येईल, आता येईल. आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मनातल्या मनात वाचत होते. दुपारी डबा उघडला नाही. कूलरची घरघर तेवढी चालू होती, आणि मला त्या खोलीत बसवेना.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना, म्हणजे बापलेकीला, केबिनमध्ये बोलावलं. मलाही बसायला सांगितलं. बँकेत आणि सायबर पोलिसांकडे फोन करून त्यांनी सगळं काढून ठेवलं होतं. लोकांना फसवून काढलेला पैसा अशा छोट्या दुकानांच्या खात्यांतून फिरवतात, तो निलेशने प्रज्ञाच्या खात्यातून फिरवला होता. कुणी म्हातारी, कुणी निवृत्त मास्तर, त्यांच्या आयुष्याची पुंजी एका दिवसासाठी मसाल्याच्या दुकानात उतरून पुढे गेली होती. खातं प्रज्ञाचं, म्हणून पहिली जाब देणारी प्रज्ञा. दुसऱ्या दिवशी चार वाजता सायबर पोलिसांकडे जायचं होतं, प्रत्येक ओळीचा खुलासा लिहून. साहेब म्हणाले, "बेटा, नीट ऐक. तुला यातलं काही माहीत नव्हतं, तर तू साक्षीदार. नवऱ्याने फसवलेली बाई. पण एका जरी ओळीपुढे 'माहीत होतं' आलं, तर तू त्याच्या बरोबरीची आरोपी. मग मी काही करू शकत नाही."

प्रज्ञा म्हणाली, "बरं, काका." त्या दिवशी ती एकदाही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती आली. रामटेकेजींनी प्रिंट काढून ठेवली होती, प्रत्येक ओळीपुढे रिकामा रकाना. समोर लेकीला बसवलं. वरचं बटण लावलेलं, हातात पेन. आणि आज आवाज परत आला.

"मार्च, एकोणतीस. बेचाळीस हजार आले. माहीत आहे?"

"नाही माहीत, बाबा."

"सव्वीस. अठरा हजार."

"नाही माहीत."

ते लिहायचे, माहीत नाही. पुढची ओळ. अकरा वाजले, बारा वाजले. मी रिटर्न भरायचं सोंग करत होते. प्रत्येक 'नाही'ला मला थोडं हलकं वाटायचं. लेकीकडे ते पाहतच नव्हते, नजर कागदावर. मधेच एकदा प्रज्ञा म्हणाली, "बाबा, साऱ्या दुनियेले तुम्ही एकेका रुपयासाठी फोन करत होते. आमचंच काहून नाही विचारलं?"

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी खाकरून पुढची ओळ वाचली.

दीडच्या सुमाराला शेवटचं पान आलं, म्हणजे सगळ्यात जुनं. "ऑगस्ट, सात. एक लाख ऐंशी हजार आले. माहीत आहे?"

त्यांनी पेन रकान्यावर धरलं आणि पुन्हा म्हणाले,

"प्रज्ञा. सात ऑगस्ट."

"हे माहीत होतं, बाबा."

मी वळून पाहिलं. ती टेबलाच्या कडेवरचा कागद नखाने सोलत होती. "पॅकिंगच्या मशीनचे पैसे भरायचे होते. शेवटची तारीख होती. हे म्हणाले, कोणाचे तरी आहेत, आपल्या खात्यात ठेवून राहिलो, चार दिवसांनी द्यायचे आहेत, आपल्याले थोडे सुटतात. मले समजलं होतं, बाबा. असे पैसे चांगले नसतात एवढं समजते मले. पण मी म्हटलं, तोवर मशीनचे भरून घेऊ. त्याच्यानंतर मी कधी विचारलं नाही अन् त्यांनी सांगितलं नाही."

केबिनचं दार बंद होतं. मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. "रामटेकेजी," मी म्हटलं, "पुढची ओळ वाचा. मी काही ऐकलेलं नाही. देवाशपथ सांगते, कुठंही विचारलं तरी ऐकलेलं नाही. लिहा, माहीत नाही."

त्यांनी मान वर केली. डोळे इतके लाल कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, लिहितील. बाप आहे, लिहीलच. पेनचं टोक कागदावर टेकलं, तिथं शाईचा ठिपका पडला आणि मोठा होत गेला.

मग त्यांनी लेकीला विचारलं, "लिहू का वं?"

प्रज्ञाने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "लिहा, बाबा. या खेपेस विचारलं ना तुम्ही. मी खोटं नाही सांगत."

त्यांनी लिहिलं. माहीत होते. अक्षर नेहमीसारखंच, टपोरं. उरलेल्या नऊ ओळी वाचल्या, नऊ 'नाही' लिहिले, आणि कागद तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "पूर्ण वाच. मग सही कर." तिने पूर्ण वाचलं. मला बघवेना, मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

साडेतीनला दोघं निघाली. मी गॅलरीत उभी होते. खाली बर्डीचा रस्ता, ऊन रणरणतं, ऑटोंची रांग. रस्ता ओलांडताना रामटेकेजींनी तिचं मनगट धरलं होतं. चौतीस वर्षांची बाई, पण तिनेही ते सोडवून घेतलं नाही.

सहाच्या पुढे ऑफिसात मी एकटीच थांबले होते. जिन्यावर पावलं वाजली. रामटेकेजी आले, एकटे. खांद्याला प्रज्ञाची तपकिरी पर्स, वरच्या खिशात तिच्या कानातली कागदात बांधून. खुर्चीत बसले नाहीत.

"ठेवून घेतलं तिले," म्हणाले. "फोन जमा केला. हे देऊन दिलं."

मी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. बराच वेळ ते पर्सचा पट्टा गुंडाळत उभे राहिले.

"मॅडम, एक काम करता काय? ही पर्स तुमच्या कपाटात ठेवा. घरी नेली तर तिची आई विचारीन."

मी पर्स घेतली, खालच्या खणात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली त्यांच्यापुढे धरली, तर ते एक पाऊल मागे सरले.

"तुमच्याजवळच राहू द्या," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर ते ऑफिसला आलेले नाहीत. पर्स अजून माझ्याकडे आहे.